बाहेरची सभासद

४ ऑगस्ट २००८

ही डायरी प्रयोगशाळेकडून मिळाली. वर सोनेरी अक्षरांत नाव, आत सणवार. ऑगस्ट महिन्यात डायरी देतात म्हणजे उरलेलीच असणार, पण हातात घेतल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आमचे हे गेल्यापासून लग्नपत्रिका सोडली तर छापील असं काही माझ्या नावाने आलं नव्हतं.

तर मी आता सभासद आहे. टेकडीपलीकडच्या प्रयोगशाळेत कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या साथीच्या रोगांचं संशोधन चालतं. रोगांचे जंतू तिथे बंदोबस्तात ठेवलेले असतात. दोन वर्षांपूर्वी नवापूरकडे कोंबड्यांची साथ आली तेव्हा आमच्या वाडीने तिथे मोर्चा नेला होता. त्यावर तोड म्हणून सुरक्षा समिती नेमली. तिच्यात एक सभासद बाहेरचा हवा, असा नियम आहे. म्हणजे तिथला पगारी नाही, पण जवळ राहणारा. त्याने मनात येईल तेव्हा जाऊन बघायचं, विचारायचं आणि ग्रामसभेत येऊन सांगायचं. सरपंच वाल्मीकने माझं नाव सुचवलं. म्हणाला, "कलाबाई टेलिफोन ऑफिसात होत्या, विंग्रजी कळतं, आणि घरी काय काम बी नाय त्यांना." शेवटचं वाक्य लागलं. खरं होतं म्हणून लागलं.

संचालकांना मी आधीच सांगितलं, माझा पुतण्या समाधान तुमच्याकडे इलेक्ट्रिशियन आहे, चालेल का? ते हसून म्हणाले, "उलट चांगलंच की, घरचं माणूस."

१६ ऑगस्ट

आज इमारत दाखवली. वाडीत तिला कोंबडीचा दवाखाना म्हणतात, पण आत गेल्यावर थट्टा सुचत नाही. डॉ. मंजुषा नावाची सटाण्याकडची मुलगी बरोबर होती. मुलगी म्हणजे माझ्या मुलाच्या, कुंदनच्या वयाची. तिने एकच गोष्ट नीट समजावली. आतली हवा बाहेर जाता कामा नये. म्हणून आत जायला दोन दारं, मधे लहानशी खोली. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दोन्ही एकदम उघडी राहिली तर शिट्टी वाजते आणि एक तरी लागेपर्यंत वाजतच राहते. तिने वाजवून दाखवली. बारीक, दात शिवशिवणारी. माझा जन्म ट्रंक कॉलच्या बोर्डावर गेला, त्यामुळे आवाज मी विसरत नाही.

आत काम करणाऱ्यांनी निघताना अंघोळ करायची, कपडे बदलायचे, कशाला शिवायचं नाही. मी म्हटलं, हे तर सोवळं झालं. ती म्हणाली, "फरक एवढाच, की इथे ओवळं खरंच असतं." आणखी एक नियम सांगितला. आतल्या कोणाचे डोळे लाल झाले किंवा अंगात कणकण आली तर त्याने आधी इथे सांगायचं, मगच घरचा विचार.

संध्याकाळी हे सगळं मैनेला सांगायला गेले. मैना म्हणजे माझी धाकटी जाऊ, समाधानची आई. बांधापलीकडे त्यांचं घर. ती झेंडूच्या माळा ओवत होती. सगळं ऐकून म्हणाली, "अक्का, ते समदं ठीक हाय, पण खायला काय दिलं?" मी म्हटलं, बिस्किटं. त्यावर तिने मला जेवू घालूनच सोडलं. एरवी रात्रीची भाजी-भाकरी तिच्याकडूनच येते. समाधानची आईवेगळी पोर दिशा टोपलं घेऊन येते, दारातूनच "मोठी आजी" अशी हाक मारते आणि दिवसभराच्या चहाड्या सांगते. दिवसातलं माझं बोलणं म्हणाल तर ते.

१० सप्टेंबर

पहिली बैठक. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, माझ्या नावाची पाटी. चौथा विषय अपघातांचा होता. एकाने वाचलं, "निरंक." सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. शेवटी संचालकांनी विचारलं, "कलाताई, आपलं मत?" माझं मत कोणी विचारल्याला किती वर्षं झाली असतील. मी घाबरून म्हटलं, चहा चांगला होता. सगळे हसले, आणि ते हसणं मायेचं होतं असं मला वाटलं.

खरा प्रश्न सुचला तो घरी, कुलूप काढताना. निरंक हे ठरवतं कोण?

२ ऑक्टोबर

ग्रामसभेत उभं राहून मी सांगितलं, तीन महिन्यांचे अपघात निरंक. मागून केरू ओरडला, "निरंक म्हंजी?" मी म्हटलं, काही झालं नाही. "झालं नाय का कळलं नाय?" लोक हसले. मला राग आला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. स्वतः कधी त्या फाटकापर्यंत गेला नसेल.

८ ऑक्टोबर, खंडेनवमी

प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होती आणि मला खास बोलावणं. मोरपंखी साडी नेसले. समाधानने कालच बापाच्या मळ्यातून झेंडूच्या पाट्या नेल्या होत्या. पंख्यांना माळा, जनरेटरला माळा, दोन्ही दारांना तोरणं. आतलं वाफेचं मोठं यंत्र, ज्यातून प्रत्येक वस्तू उकळून निघाल्याशिवाय बाहेर येत नाही, ते मात्र दुसऱ्या दाराच्या आत. समाधान म्हणाला, "सगळ्यांची पूजा करायची आणि त्यालाच उपाशी ठेवायचं का? दिवसभर तेच राबतंय." सगळ्यांना पटलं. मलाही. आजचं काम बंदच होतं.

ताट आत द्यायला दोन्ही दारं उघडी ठेवली. शिट्टी सुरू झाली आणि आरतीचा शब्द ऐकू येईना. संचालक हात जोडलेलेच म्हणाले, "समाधान, ते जरा बंद कर रे." त्याने बंद केलं. मग आरती छान झाली. ताट आत मीच दिलं आणि दारालाही कुंकू मीच लावलं. डॉ. मंजुषा रजेवर सटाण्याला गेली होती. तिला हे बघायला मिळायला हवं होतं.

प्रसादाला पेढे. मला दोन दिले.

१७ ऑक्टोबर

समाधानचे डोळे आलेत. लालभडक. मैना गुलाबपाणी घालते आहे. म्हटलं, कामावर नको जाऊस, तर म्हणाला, "काकू, दिवाळी तोंडावर हाय, आता खाडा कसा करू?" काळा चष्मा लावून गेला. चष्म्यात तो अगदी यांच्यासारखा दिसला. 

२१ ऑक्टोबर

आज टोपलं आलं नाही. मीच गेले, तर दिशाचेही डोळे आलेले आणि अंग गरम. मैनेच्या दोन कोंबड्यांनी मान टाकली. तिसरी गोल गोल फिरते आहे. मैनेचे यजमान, रंगनाथ भाऊजी, म्हणाले थंडीचं होतं असं. साथ दिसते डोळ्यांची, हवाच तशी आहे. कुंदनला बंगळूरला फोन केला. तो म्हणाला, "आई, तू त्यांच्यात फार जाऊ नकोस थोडे दिवस." मग मी कोणात जाऊ, हे त्याने सांगितलं नाही.

२३ ऑक्टोबर

चिवडा केला आणि डबा भरून प्रयोगशाळेत गेले. बाहेरच्या सभासदाने कधीही न सांगता यावं असं नियमातच आहे, आणि मी आजवर एकदाही गेले नव्हते. आज गेले ते मात्र तपासायला नाही. घर खायला उठलं होतं म्हणून गेले.

डॉ. मंजुषा आत होती, म्हणून काचेपाशी थांबले. एक गडी गाडा ढकलत बाहेर आला. आतलं दार त्याने पायाने अडवलं, बाहेरचं हाताने उघडलं. गाडा मधेच अडला. दोन्ही दारं उघडी होती, चांगली "जय मल्हार"ची आरती म्हणून व्हावी एवढा वेळ.

शिट्टी वाजली नाही.

चिवडा शिपायाकडे दिला आणि परत आले. तोरणं अजून तशीच आहेत, फुलं वाळून काळी झालेली.

२४ ऑक्टोबर

समाधानला बांधावर गाठलं. शिट्टी बंद कधीपासून?

"पूजेपासून."

"परत लावली नाहीस?"

"काकू, कोणी म्हटलंच नाय लाव म्हणून. दिवसभर कोकलायची ती, गाडा नेला की कोकलायची. बंद झाली तर सगळ्यांना लय बरं वाटलं."

"आणि डोळ्यांचं तिथे सांगितलंस?"

त्याने खाली बघत बांधावरचं गवत उपटलं. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर दिवाळीभर कोंडून ठेवलं असतं. उद्या सकाळी जाऊन चालू करतो, आईच्यान. तू नको बोलू कुठं. बटणावर हात माझा, नोकरी माझी जाईल."

आता समजलं ते इथे सरळ लिहून ठेवते. मी बोलले तर समाधानची नोकरी जाईल आणि बांधापलीकडचं घर मला बंद होईल. त्या घराशिवाय मला दुसरं घर नाही. न बोलले तर शिट्टी उद्या चालू होईल, काही झालंच नाही असं होईल, आणि दिशाच्या अंगात काय आहे हे कोणी बघणारच नाही. सगळे म्हणतील डोळ्यांची साथ. मीच म्हटलं होतं. डोळ्यांचा नियम मला ऑगस्टातच सांगितला होता, मी लिहूनही ठेवला होता, आणि तरी आठवडाभर त्या पोराचे लाल डोळे बघून मला आमच्या यांची आठवण येत होती.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि आपलेच दात, आपलेच ओठ.

२५ ऑक्टोबर

सकाळी मैनेकडे करंज्या लाटायला बसले होते. दिशा आतल्या खोलीत झोपून होती. खोकली. मैना म्हणाली, "अक्का, तुझ्या करंजीची मुरड बघ, सुटली." मी उठले. हात धुतले. कुठे चाललीस विचारलं तर म्हटलं, येते.

शिट्टी चालू झाली होती. समाधानने शब्द पाळला होता. फाटकापाशी ती ऐकली आणि वाटलं, परत फिरावं, झालं की सगळं ठीक. पाच मिनिटं तिथल्या बाकावर बसले असेन. मग डॉ. मंजुषाला बोलावून सगळं सांगितलं. दारं, पूजा, डोळे, पोर, कोंबड्या. तिचा चेहरा उतरला. तिने विचारलं, "घरी सांगून आलात?"

"नाही."

"त्यांना सांगू का, आम्हालाच कळलं म्हणून?"

हो म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. पण समाधानला माहीत होतं की मला माहीत आहे. शिवाय खोटं सांभाळायला रोज कोणाशी तरी बोलावं लागतं. म्हटलं, नको, माझं नाव सांगा. तिने फोन उचलला.

२६ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

दोन गाड्या आल्या. पांढऱ्या कपड्यांतली, तोंडं झाकलेली माणसं. समाधानला आणि दिशाला सिव्हिलला नेलं, वेगळ्या वॉर्डात. दिशा त्या माणसांना बघून किंचाळली आणि मला हाका मारायला लागली. मला जवळ जाऊ दिलं नाही. खबरदारी म्हणून वाडीतल्या सगळ्या कोंबड्या पोत्यांत भरून नेल्या. केरूने अंगणात उभं राहून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मैना काही ओरडली नाही. बांधापर्यंत आली आणि म्हणाली, "आमच्या घरचं खाल्लं तुम्ही, अक्का." लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला तू म्हणते.

३० ऑक्टोबर

दिवाळी झाली. कोणी आलं नाही. पणत्या लावल्या, मग वाटलं त्या पोरीला सलाईन लागलेलं असताना ह्या कोणासाठी, आणि विझवल्या. खिचडी केली ती बुडाला लागली. इतकी वर्षं आयतं खाऊन हाताचा अंदाज गेला. कुंदनचा फोन. "आई, तुला काय गरज होती?" मी म्हटलं, नेटवर्क नाही, आणि ठेवला. टेलिफोनवाल्या बाईने असं करावं.

७ नोव्हेंबर

निकाल आला. डॉ. मंजुषा स्वतः घरी सांगायला आली. ज्याची भीती होती ते नाही. मानमोडी. गावठी कोंबड्यांना दर साली कुठे ना कुठे लागते ती. माणसाचे तिने डोळे येतात, थोडा ताप येतो, जातो. दिशा आणि समाधान उद्या घरी येतील.

मी देवापुढे बसून रडले. मग तिला विचारलं, पण आली कुठून? तुमच्या दारातून की गावातून? ती म्हणाली, "मानमोडी आमच्याकडेही आहे, गावातही असते. कुठून आली हे आता कोणीच सांगू शकणार नाही." ती गेल्यावर एक गोष्ट मनात आली, ती लिहिते. काही तरी निघायला हवं होतं, असं मला क्षणभर वाटलं. पोरगी बरी झाल्याचं कळल्यावर असं वाटतं, म्हणजे मी कोणत्या जातीची बाई आहे?

वाडीत एव्हाना झालंच आहे. पारावर म्हणतात, कलाबाईने मानमोडीसाठी अख्ख्या गावाच्या कोंबड्या मारल्या.

१२ डिसेंबर

बैठक. या वेळी पाणी होतं, पाटी होती, पण शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती. मसुदा वाचला. "एका कर्मचाऱ्याने परवानगीविना इशारायंत्रणा बंद केली. सदर कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले." पुढचा विषय घेऊ लागले.

मी म्हटलं, थांबा. परवानगी होती. संचालकांनी सांगितलं, ते जरा बंद कर रे, म्हणून त्याने बंद केली.

संचालक म्हणाले, "कलाताई, पूजेच्या गडबडीत कोण काय बोललं, मला तरी आठवत नाही."

"मला आठवतं. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकायचीच नोकरी केलीय मी. हेही लिहा की ताट आत मी दिलं, आणि मला कळायला हवं होतं. ते लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

 डॉ. मंजुषा टेबलाकडे बघत म्हणाली, "लिहायला हवं, सर." शेवटी लिहिलं. शिट्टीच्या बटणाला आता कुलूप आहे, दोन किल्ल्या दोघांकडे. पूजा फाटकाबाहेर. पण समाधानची नोकरी गेली ती गेलीच. संचालक जागेवर आहेत. चहा आला तेव्हा माझा कप शिपायाने लांबून सरकवला.

परतताना विचार केला, त्यातलं निम्मं मी दिशासाठी बोलले असेन. उरलेलं निम्मं कशासाठी? पहिल्या बैठकीत चहा चांगला म्हणाले होते, ते पुसून टाकायला तर नाही ना? माहीत नाही.

२६ जानेवारी २००९

नवी डायरी कोणी दिली नाही. याच डायरीतलं जानेवारीचं पान कोरं होतं, त्यावरचं साल खोडून लिहिते आहे.

झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली. मी सगळं सांगितलं. शिट्टी किती दिवस बंद होती, कोणी बंद करायला सांगितली, ताट कोणी दिलं. निकाल काय आला तेही, आणि काय कळलं नाही तेही. पहिल्यांदाच कोणी हसलं नाही. मी बसले. दोन्ही बाजूंच्या बायका जरा सरकून बसल्या.

मग वाल्मीक म्हणाला, प्रयोगशाळेकडून निरोप आहे, बाहेरचा सभासद बदलायचा असेल तर गावाने दुसरं नाव द्यावं. केरू म्हणाला, "बदला. हिने गावाचं वाटोळं केलं." टाळ्या पडल्या. वाल्मीकने विचारलं, "मग कोण व्हतंय?" कोणी हात वर केला नाही. धोंडीराम मास्तरांना आग्रह झाला, ते म्हणाले मुलगा तिथे नोकरीला लागायचा आहे. एकाचा व्याही तिथे मुकादम, एकाची भाजी तिथल्या कँटीनला जाते. प्रत्येकाचं काही ना काही तिथे होतं.

मागे भिंतीशी समाधान उभा होता. हल्ली तो पिंपळगावला द्राक्षांच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये रोजाने जातो. नोव्हेंबरपासून माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. समोरून आला तर वाट बदलतो.

तो म्हणाला, "काकूलाच ठेवा."

केरू त्याच्यावर खेकसला, "अरे, तुझंच पोट मारलं ना रे तिनं?"

"म्हणून तर म्हणतोय. घरच्याला सोडलं नाय तिनं. साहेबाला सोडलं नाय. सोताला बी नाय. तुमच्यात दुसरं कोणी हाय का असं? माझी पोरगी ह्याच वाडीत ऱ्हाती."

वाल्मीकने हात वर करायला सांगितलं. बरेच हात वर झाले, खाली मान घालून. मैनेचाही झाला. मी पाहिला.

सभा सुटली. समाधान दिशाला खांद्यावर घेऊन पुढे निघाला, मागे भाऊजी आणि मैना. आमची वाट एकच आहे. ती चौघं पुढे, मी हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर मागे. कोणी हाक मारली नाही. वळणावर दिशा बापाच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली, तसं मैनेने पदराने तिचं तोंड पुढे फिरवलं. ती चौघं बांधाकडे वळली आणि मी माझ्या दाराशी आले.

पुढची बैठक मार्चमध्ये आहे. त्याआधी मी एकदा न सांगता जाणार आहे.